काल्कवासर भुकटी: घुसखोर प्रवाळांवर कितपत चालते?

रीफ टँक, म्हणजे प्रवाळांचं खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय, ठेवणाऱ्या बहुतेकांच्या कपाटात पांढऱ्या भुकटीचा एक डबा असतोच. वर ‘काल्कवासर’ लिहिलेलं असतं, आत असतो विरी चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. हा डबा ज्या कामासाठी विकतात ते काम म्हणजे टँकमधून उडून गेलेल्या पाण्याची भरपाई करताना त्याच पाण्यातून कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पेलण्याची क्षमता) देणं. त्या कामात ही भुकटी उत्तम आहे, त्याबद्दल माझा कुणाशी वाद नाही. मला लिहायचंय ते तिच्या दुसऱ्या उपयोगाबद्दल: भुकटी घट्ट कालवायची, सिरिंजमध्ये भरायची आणि नको असलेल्या जिवावर थापायची.

निकाल आधीच सांगून टाकते. अ‍ॅइप्टेशियावर (हा एक अ‍ॅनिमोन, फुलासारखा दिसणारा समुद्री जीव) पाचपैकी साडेचार. झेनियावर (हे मऊ प्रवाळ) तीन. ग्रीन स्टार पॉलिपवर (हे चटईसारखं पसरणारं प्रवाळ) एक, आणि तोही उदार मनाने. पॅलिथोआवर (हे बटणासारखे जीव) मी गुण देणारच नाही, कारण तिथे हा लेप वापरायच्या आधी दुसरंच काहीतरी समजून घ्यायला हवं. ते पुढे येईल.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे, त्यामुळे चुन्याच्या निवळीशी ओळख जुनी. नळीतून फुंकर मारली की निवळी दुधाळ होते, हा प्रयोग वर्गात इतक्या वेळा केलाय की झोपेतही करीन. आता तीच निवळी टॉप-अपच्या, म्हणजे उडालेल्या पाण्याच्या भरपाईच्या, कॅनमध्ये असते. तिच्यावर पांढरा पापुद्रा धरला की समजायचं, झाकण नीट बसलेलं नाही आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरतोय.

रोजच्या कामाबद्दल थोडक्यात. २५ अंश सेल्सियसला एका लिटर आरओ-डीआय (गाळून क्षार काढलेल्या) पाण्यात ही भुकटी जेमतेम १.६ ते १.७ ग्रॅम विरघळते. पाणी गरम केलं तर जास्त विरघळेल असं वाटतं, पण चुन्याचं उलट आहे, तापमान वाढलं की विद्राव्यता कमी होते. संपृक्त निवळीचा पीएच १२.४ च्या आसपास असतो. म्हणून ती थेंबाथेंबाने आणि शक्यतो रात्री द्यायची. दिवे बंद झाले की प्रकाशसंश्लेषण थांबतं, पाण्यात कार्बन डायऑक्साइड साचतो, पीएच उतरतो, आणि निवळी नेमकी ती उतरण सावरते. कठीण प्रवाळ सांगाडा बांधताना कॅल्शियम आणि अल्कलिनिटी ज्या प्रमाणात खर्च करतात, त्याच प्रमाणात ती परत मिळते. दोन वेगळ्या बाटल्यांचा हिशेब ठेवायला नको. यासाठी पाचपैकी पाच.

आता लेप.

चमचाभर भुकटीत थोडं थोडं पाणी घालून कालवायचं, सुईतून जेमतेम सरकेल इतकं घट्ट. पातळ झालं तर ते वाहत शेजारच्या चांगल्या प्रवाळावर बसतं. सुई बोथट आणि लांब हवी. टँकमधले सगळे पंप आणि वेव्हमेकर बंद करायचे, पाणी पूर्ण स्थिर होऊ द्यायचं, मग सुई हळूहळू जवळ न्यायची. लेप टाकल्यावर किमान वीस मिनिटं पंप चालू करायचे नाहीत. डोळ्यांवर गॉगल आणि हातात हातमोजे, यात सूट नाही. चुना डोळ्यात गेला तर इजा गंभीर होते. कोरडी भुकटी नाकातोंडात जाणार नाही याचीही काळजी घ्या. काम झालं की सुई व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी ती चोंदलेली सापडेल.

किती वापरायचं, हा प्रश्न लोक फार सैल सोडतात. मला आकडे मांडल्याशिवाय चैन पडत नाही. माझा टँक २०० लिटरचा आहे. एक ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड त्यात पूर्ण विरघळलं तर अल्कलिनिटी साधारण ०.३८ डीकेएचने (हे अल्कलिनिटीचं माप) वाढते आणि कॅल्शियम २.७ पीपीएमने. कॅल्शियमची वाढ क्षुल्लक आहे. अल्कलिनिटीची नाही. उत्साहाच्या भरात कुणी पाच ग्रॅम थापले तर एका बैठकीत जवळपास दोन डीकेएच चढले, आणि सोबत पीएचही. अक्रोपोरासारख्या कठीण प्रवाळांना अशी उडी सोसत नाही, टोकं पांढरी पडू लागतात. म्हणून मी एका बैठकीला दीड ग्रॅमच्या वर जात नाही, आणि त्या दिवशी टॉप-अपमध्ये साधं पाणी ठेवते. मोठ्या टँकमध्ये याच हिशेबाने प्रमाण वाढवता येईल. छोट्या नॅनो टँकमध्ये मात्र हा खेळ खेळूच नये. तिथे दगड बाहेर काढून काम करणं सोपं आणि सुरक्षित.

अ‍ॅइप्टेशियावर हा लेप इतका चांगला का चालतो? हा तपकिरी, काहीसा पारदर्शक अ‍ॅनिमोन. त्याला चिमटीत धरून उपटायला गेलं तर तो फटीत आक्रसतो आणि पायाचे तुकडे मागे ठेवतो. त्या तुकड्यांतून नवे अ‍ॅनिमोन उगवतात. म्हणजे ओरबाडणं ही त्याची शेतीच झाली. लेप मात्र त्याच्या तोंडाच्या तबकडीवर नीट बसला, तर जागच्या जागी ऊती जळते. तो पूर्ण उघडलेला असताना गाठायला हवा, एवढी एकच अट. मी आधी पाण्यात माशांच्या खाद्याचे चार कण सोडते, सगळे हात पसरतात, मग सुई पुढे करते. फटीतला असेल तर फटच लेपाने बुजवून टाकते. उरलेला चुना हळूहळू कॅल्शियम कार्बोनेट होऊन दगडाचाच भाग होतो, परकं काही मागे राहत नाही, हा मला आवडलेला गुण.

साडेचारच का, पाच का नाहीत? कारण याच कामासाठी तयार द्रव मिळतात, आणि त्यातल्या रेड सीच्या अ‍ॅइप्टेशिया-एक्सचं वागणं चुन्यापेक्षा सभ्य आहे. अ‍ॅनिमोनला ते खाद्य वाटतं, तो आक्रसण्याऐवजी ते गिळतो. ज्याचा हात थरथरतो किंवा ज्याला सुई अगदी हळू नेणं जमत नाही, त्याने तेच घ्यावं. पण ते अ‍ॅइप्टेशिया आणि मजानो अ‍ॅनिमोनसाठी बनवलेलं आहे, झेनिया किंवा स्टार पॉलिपसाठी नाही. ते झेनियावर ओतून मग ‘चाललं नाही’ म्हणून एक तारा देणारे लोक पाहिले की मला उत्तरपत्रिका तपासण्याचे दिवस आठवतात.

झेनियाची गोष्ट आमच्या घरात जरा नाजूक आहे. आमच्या ह्यांना ते फार आवडतं. टँकसमोर खुर्ची टाकून बसतात आणि त्याची उघडझाप बघत राहतात. मान्य आहे, बघण्यासारखीच असते. आणि ती नुसती शोभाही नाही. हेटेरोझेनिया या भाऊबंदावर २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की या हालचालीमुळे ऊतींभोवती साचलेला ऑक्सिजन झटकला जातो, आणि आत राहणाऱ्या शैवालांचं प्रकाशसंश्लेषण त्यामुळे वाढतं. म्हणजे ते हात हलवतं ते स्वतःचं पोट भरण्यासाठी. आणि पोट चांगलं भरलं की पसरतं.

“अगं, राहू दे ना तेवढं एक,” हे म्हणतात.

“एक राहत नाही हो ते.”

खरंच राहत नाही. झेनियाचा देठ शेजारच्या दगडाला टेकला की तिथे चिकटतो, मग दुभंगतो, आणि पुढचा दगड त्याचा होतो. सगळ्यात वर, सगळ्यात उजेडात, तुम्ही महाग अक्रोपोरासाठी राखून ठेवलेल्या जागी ते आधी पोचतं. वर पुन्हा याचं लहरीपण असं, की एखाद्याच्या टँकमध्ये हवंहवंसं असताना एका आठवड्यात विरघळून जातं, आणि नको असलेल्याकडे तण होऊन बसतं.

यावर चुन्याचा लेप काम करतो, पण अर्धवट. एकटादुकटा देठ असेल तर बुडख्याशी लेप लावल्यावर तो गळून पडतो. घोळका असेल तर वरचे पॉलिप (प्रवाळाचे एकेक छोटे जीव) मिटतात, पांढरट पडतात, तुम्ही खूश होता, आणि दगडाच्या खाचेत राहिलेल्या पायातून काही दिवसांत बारीक कोंब डोकावतात. शिवाय मोठा घोळका एकदम मेला तर पाणी घाण होतं, वासही येतो. मऊ प्रवाळ आपल्या ऊतींत टर्पीनसारखी रसायनं बाळगतात, शेजाऱ्यांना दूर ठेवण्यासाठी. ती पाण्यात उतरतात. म्हणून अशा कामाच्या आधी ताजा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन लावून ठेवावा आणि स्किमरवर (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्रावर) लक्ष असू द्यावं.

झेनियासाठी माझ्या मते लेपाहून चांगली युक्ती आहे, आणि ती फुकट आहे. घोळक्याला टेकून एक सुटा दगड ठेवायचा, शक्यतो थोडा वर, उजेडाकडे. झेनिया आपणहून त्यावर चढतं. चढलं की दगड उचलून बाहेर, त्याच्या जागी दुसरा. संयम लागतो, पण टँकच्या रसायनाला धक्का बसत नाही. उरलेल्या चिवट बुडख्यांसाठी मग लेप. या क्रमाने गेलं तर तीन गुण मिळतात. नुसत्या लेपाला मी दोनच दिले असते.

ग्रीन स्टार पॉलिपपुढे चुना हरतो, आणि का हरतो ते त्याच्या बांधणीत आहे. दिसतात ते हिरवे तारे, पण खरा जीव खालच्या जांभळ्या सतरंजीत. पॉलिपला धोका जाणवला की तो सतरंजीच्या आत शिरतो आणि वरून चिवट आवरण राहतं. लेप त्या आवरणावर बसतो, वरचा थर पांढरा होतो, आणि कडेकडेने सतरंजी वाढतच राहते, प्रसंगी काचेवरसुद्धा. इथे सरळ दगड बाहेर काढावा, बोथट पात्याने सतरंजी एका कडेपासून सोलत न्यावी, आणि दगड तारेच्या ब्रशने घासावा. दगड निघण्यासारखा नसेल तर पाण्यात घट्ट होणारं एपॉक्सी थापून सगळा भाग झाकून टाकावा. प्रकाश नाही, पाणी नाही, हळूहळू मरतो. एपॉक्सीची कड सतरंजीच्या कडेपलीकडे गेली पाहिजे, नाहीतर ती खालून डोकं काढते. सोललेले तुकडे टँकमध्ये तरंगू देऊ नका, जाळीने लगेच उचला.

आता पॅलिथोआ. बटणासारखे, जाडसर, बरेचदा तपकिरी पॉलिप, फुकट आलेल्या दगडावर हमखास असतात. यांच्यातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन असतं. १९७१ मध्ये हवाईतल्या पॅलिथोआ टॉक्सिकापासून ते वेगळं केल्याचं प्रसिद्ध झालं. एका रेणूत १२९ कार्बन अणू. शिकवत असते तर फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रचना काढली असती आणि तरी संपली नसती. प्रथिन नसलेल्या विषांमध्ये ते सर्वांत जहाल गटात मोडतं, आणि उकळल्याने नष्ट होत नाही. उलट उकळताना वाफेबरोबर उडालेल्या तुषारांतून ते श्वासात जातं. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायर परगण्यात टँकमधलं प्रवाळ साफ करताना एक अख्खं कुटुंब आजारी पडलं आणि मदतीला आलेल्या अग्निशमन जवानांनाही रुग्णालयात न्यावं लागलं. तेव्हा पॅलिथोआचा दगड गरम पाण्यात घालू नका, कोरडा घासू नका, दाबाच्या पाण्याने धुऊ नका. हातावर जखम असेल तर त्या दिवशी टँकला हातच लावू नका. लेप एखाददुसऱ्या पॉलिपवर चालतो, पण दगडभर पॅलिथोआ असेल तर हातमोजे आणि गॉगल घालून दगडच पाण्याखालीच पिशवीत घ्यावा आणि टँकमधून कायमचा बाहेर काढावा.

भुकटीचे प्रतिस्पर्धी कोण, हेही पाहू. पेपरमिंट झिंगा अ‍ॅइप्टेशिया खातो, सगळेच खातात असं नाही. विकत घेताना उंट झिंगा तर गळ्यात मारला जात नाही ना, हे पाहा. त्याच्या पाठीला कुबड असतं, लाल-पांढरी नक्षी ठळक असते, आणि तो तुमचे झोआंथिड, म्हणजे पॅलिथोआच्या गटातले पॉलिप, कुरतडतो. बर्गिया ही समुद्री गोगलगाय फक्त अ‍ॅइप्टेशियाच खाते, रात्री काम करते, आणि खाद्य संपलं की उपाशी मरते. म्हणून ती कुणीतरी पुढच्या गरजूला द्यावी, हा आमच्या छंदातला चांगला रिवाज. पण यातला एकही जीव झेनियाला किंवा स्टार पॉलिपला तोंड लावत नाही.

फेनबेंडाझोल हे कुत्र्यांच्या जंतांवरचं औषध. झेनिया, क्लोव्ह पॉलिप, स्टार पॉलिप, हायड्रॉइड यांना ते मारतं, हे खरं. पण त्याच हिशेबात शंख, ब्रिसल वर्म आणि इतर उपयोगी किडेही जातात, आणि दगड ते औषध धरून ठेवतात. नंतर सोडलेले शंखही मरू शकतात. मुख्य टँकमध्ये मी ते घालणार नाही. नवा फ्रॅग (प्रवाळाचा कापलेला तुकडा) क्वारंटाइनच्या भांड्यात असताना त्याला आंघोळ घालायला, हो.

मग भुकटी घ्यावी की नाही? कॅल्शियमसाठी घेतच असाल तर लेप हा वरचा फायदा समजा. फक्त घुसखोर मारण्यासाठी घेत असाल, आणि तुमचा घुसखोर चटईसारखा पसरणारा असेल, तर त्या पैशांत सुटे दगड, एक चांगलं पातं आणि एपॉक्सी घ्या. टँक नव्याने मांडत असाल तर त्याहून चांगलं: पसरणाऱ्या जातींना मुख्य रचनेपासून वेगळं, वाळूच्या मध्ये सुटं बेट द्या. आमच्याकडे तहाचा मसुदा हाच आहे. ह्यांचं झेनिया एका बेटावर, आजूबाजूला वीतभर वाळू. देठ वाळूत उतरले की कात्री मी चालवायची, आणि त्यावर चर्चा होणार नाही.

कापलेलं, खरवडलेलं काहीही जिवंत असताना नदीत, नाल्यात, समुद्रात टाकायचं नाही. झेनियाच्याच कुळातलं युनोमिया स्टोलोनिफेरा मूळचं हिंद-प्रशांत महासागरातलं. ते व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावर पोचलं, मोचिमा राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात त्याने स्थानिक प्रवाळ आणि समुद्री गवत झाकून टाकलं. मत्स्यालयाच्या व्यापारातून ते तिथे आलं असावं, असं मानलं जातं. मी तुकडे पिशवीत घालून फ्रीजरमध्ये गोठवते आणि मगच कचऱ्यात टाकते. पॅलिथोआ मात्र अन्नाच्या फ्रीजरमध्ये अजिबात नाही. तो दगड बादलीत ब्लीचच्या पाण्यात बुडवून, झाकून, घराबाहेर ठेवायचा. त्या बादलीत व्हिनेगर किंवा दुसरं कुठलंही आम्ल पडू देऊ नका, क्लोरीन वायू सुटतो.

खरेदीबद्दल शेवटी इतकंच. डब्यावर कॅल्शियम हायड्रॉक्साइड असं स्पष्ट लिहिलेलं पाहा आणि शुद्धतेचा आकडा शोधा. बांधकामाचा चुना नको, त्यात मॅग्नेशियम आणि इतर काय काय असतं. कळीचा चुनाही नको, तो पाण्यात पडताच उकळतो. मोठा डबा स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका, उघडला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढत राहतो आणि हळूहळू निरुपयोगी खडू होतो. मी भुकटी घट्ट झाकणाच्या लहान बरण्यांत वाटून ठेवते. जुनी बरणी अजून कामाची आहे का, हे तपासायला चिमूटभर भुकटी व्हिनेगरमध्ये टाका. शांतपणे विरघळली तर चुना ताजा आहे. जोरात फसफसली तर तिचं कार्बोनेट झालंय, ती लेपाला किंवा निवळीला चालणार नाही.